डाव्या खांद्याची कळ

जोयडा तालुक्यातील वडीलधाऱ्यांस पानथरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एके काळी सुपे तालुका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रानपट्ट्यात पूर्वी हिवतापाचा मोठा जोर असे, आणि वारंवार येणाऱ्या तापाने वाढलेली पानथरी पोटावर हात ठेवताच लागे. 1946 च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कानडा व धारवाड जिल्ह्यांत डीडीटी फवारणीचे कार्य चालविले. हिवताप किती पसरला आहे हे पाहण्यास त्या काळी मुलांच्या वाढलेल्या पानथऱ्याच मोजीत.

याच नाजूक अवयवाविषयी आज आम्ही निराळ्या कारणाने लिहीत आहोत. शौचावाटे रक्त जात असल्यास डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करतात. तपासणी नित्याची, बहुतेक रोगी त्याच दिवशी घरी परततात. परंतु डाव्या बरगड्यांखाली जेथे आतडे वळते, तेथे ते पानथरीशी पडद्याने जोडलेले असते. नळी पुढे सरकताना ताण बसून क्वचित पानथरीचे आवरण फाटते. 1974 साली वैद्यकीय लिखाणात याची प्रथम नोंद झाली. हजारो तपासण्यांत एखाद्यालाच असे होते, आणि निष्णात हातांकडूनही होते. म्हणून तपासणीच टाळणे हा शुद्ध वेडेपणा होय. आतड्यातील कर्करोग लपून राहण्याचे भय त्याहून कितीतरी मोठे आहे.

आम्हांस चिंता वाटते ती अंतराची. तपासणी बेळगावास, हुबळीस किंवा गोव्यात. घर मात्र अंशी, डिग्गीकडे. रक्त पोटातच साचते, बाहेर थेंबही दिसत नाही. डाव्या कुशीत वर दुखते, भोवळ येते, घाम सुटतो. कधी डाव्या खांद्यात कळ येते, कारण छातीखालच्या पडद्याच्या व खांद्याच्या मज्जातंतूंचे मूळ एकच. घरची मंडळी वायू समजून ओवा देतात, शेक देतात, आणि रात्र निघून जाते! बहुधा हे पहिल्या चोवीस तासांत होते, क्वचित काही दिवसांनीही.

तेव्हा वाचकहो, पहिली रात्र शहरातील नातलगांकडे काढावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वीची पोटाची शस्त्रक्रिया, वाढलेली पानथरी हे सारे डॉक्टरांस आधीच सांगावे. कळ उठल्यास तपासणीचा कागद घेऊन तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे, आणि तपासणी केव्हा झाली हे पहिल्या वाक्यातच सांगावे. वेळीच निदान झाल्यास काहींचे विश्रांतीवर व रक्त देऊन भागते. पुष्कळांची पानथरी काढावी लागते. असा मनुष्य पुढे शेतीही करू शकतो, मात्र त्याने न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धची लस घ्यावयाची असते, आणि ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावयाचे असते.