कृषिविदा व खाजगीपणा

शेतजमीन, पीक, पाणी, हवामान, कर्ज, विमा आणि शेतमालाची विक्री यांसंबंधी संगणकाला ग्राह्य होईल अशा अंकीय रूपात साठविलेल्या माहितीस कृषिविदा असे म्हणतात. ही माहिती वरवर पाहता जमिनीविषयी असते. परंतु जमीन कोणाच्या तरी नावावर असल्यामुळे ती बहुधा व्यक्तीविषयीचीही माहिती ठरते. अमुक गटात अमुक पीक उभे आहे, त्यावर इतके कर्ज आहे व त्याचे उत्पन्न इतके येईल, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे एका कुटुंबाची आर्थिक स्थितीच उघड होते. म्हणून कृषिविदेचे संकलन, जोडणी व विश्लेषण यांतून शेतकऱ्याच्या खाजगीपणाचा प्रश्न उद्भवतो. येथे खाजगीपणा म्हणजे केवळ गुप्तता नव्हे. स्वतःविषयीची माहिती कोणी, कोणत्या कामासाठी व किती काळ वापरावी यावर व्यक्तीचे असलेले नियंत्रण, असा त्याचा अर्थ आहे.

पूर्वपीठिका : शेताची पद्धतशीर नोंद ही महाराष्ट्रात नवी बाब नाही. मुंबई इलाख्यात प्रिंगल याने केलेली आकारणी अयशस्वी ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून नव्या पाहणीस आरंभ केला. प्रत्येक शेताची मोजणी करून त्यास क्रमांक द्यावयाचा, जमिनीची प्रत ठरवावयाची आणि तीस वर्षांसाठी सारा निश्चित करावयाचा, ही पद्धत पुढे इलाखाभर रूढ झाली. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची (रेकॉर्ड ऑफ राइट्‌सची) पद्धत सुरू झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तीखालील १९७१ चे नियम यांनुसार ठेवल्या जाणाऱ्या गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांच्या एकत्रित उताऱ्यास ‘सातबारा’ म्हणतात. नमुना सातमध्ये भोगवटादार, क्षेत्र व ‘इतर हक्क’ या सदरात कर्जाचा बोजा इ. नोंदी असतात, नमुना बारामध्ये पिके व त्यांखालील क्षेत्र यांच्या नोंदी असतात.

नोंदवही दुसऱ्याच्या हाती असण्याचे परिणामही याच भागाने अनुभवले आहेत. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे (आता बारामती तालुक्यात) येथे १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. कापसाच्या तेजीचा शेवट, वाढीव सारा आणि कर्जाचा बोजा ही त्यांमागील कारणे होती. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या वह्या, कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता आणि ते हस्तगत करून जाळण्यात आले. त्या मानाने शारीरिक हिंसा कमी झाली. ऋणकोच्या नावावर काय लिहिले आहे, हे धनकोला ठाऊक असे. बहुसंख्य ऋणकोंना ते वाचता येत नसे व त्यांच्यापाशी त्याची प्रतही नसे. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर संमत झालेल्या दख्खन कृषक साहाय्य अधिनियम, १८७९ याने खेड्यांतील दस्तऐवजांच्या नोंदणीची तरतूद केली. दिलेल्या रकमेची पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा व पासबुक मागण्याचा हक्कही त्याने शेतकऱ्यास दिला. स्वतःविषयीची नोंद पाहण्याचा हक्क म्हणून आधुनिक विदासंरक्षण कायद्यांत जे तत्त्व आढळते, त्याचे हे एक जुने रूप मानता येईल.

अंकीय भूमिअभिलेख : महसूल संहितेनुसार भूमिअभिलेख हे लोकांना पाहण्यास खुले आहेत व फी भरून त्यांची नक्कल मिळते. जमिनीच्या व्यवहारात फसवणूक टळावी हा त्यामागील हेतू आहे. सातबारा म्हणून कधीच गुप्त नव्हता. तथापि तो पाहण्यासाठी त्या गावच्या तलाठ्याकडे जावे लागे, गट क्रमांक ठाऊक असावा लागे आणि कोण चौकशी करीत आहे हे गावात कळत असे. या व्यावहारिक अडचणी हेच एक संरक्षण होते. अभिलेखांच्या संगणकीकरणामुळे ते नाहीसे झाले. महाराष्ट्रात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. आता कोठेही बसून जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांकावरून किंवा खातेदाराच्या नावावरून उतारा पाहता येतो. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले व खाडाखोडीस आळा बसला, हा मोठा लाभ होय. परंतु जी नोंद एकेकट्याने पाहिली जात होती ती हजारोंच्या संख्येने एकत्र करणे शक्य झाले.

नमुना बारामधील पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह करावी, अशी ‘ई-पीक पाहणी’ची योजना राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. छायाचित्राबरोबर त्या स्थानाचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात.

शेतकरी ओळख क्रमांक : आधार क्रमांकाच्या वाटपास २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आरंभ झाला. त्याच धर्तीवर शेतकऱ्यास स्वतंत्र क्रमांक देण्याची कल्पना ‘ॲग्रीस्टॅक’ या केंद्रीय योजनेत आहे. शेतकऱ्यांची नोंदवही, अक्षांश-रेखांशांशी जोडलेले गावनकाशे व पेरलेल्या पिकांची नोंदवही अशी तिची तीन अंगे आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या २,८१७ कोटी रुपयांच्या अंकीय कृषी अभियानात तिचा अंतर्भाव आहे. महाराष्ट्रात २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांच्या लाभासाठी हा क्रमांक आवश्यक करण्यात आला.

या क्रमांकाचे महत्त्व त्यात साठविलेल्या माहितीपेक्षा तो जे जोडतो त्यात आहे. महसूल, कृषी, बँक, विमा कंपनी व बाजार समिती यांच्याकडील नोंदी पूर्वी निरनिराळ्या असत. एका किल्लीने त्या एकत्र वाचता येऊ लागल्या म्हणजे त्यांतून निघणारे ज्ञान सुट्या नोंदींच्या बेरजेहून अधिक असते. पीककर्ज जलद मिळणे, नुकसानभरपाई योग्य व्यक्तीस पोहोचणे हे या जोडणीचे फायदे होत. कर्ज नाकारणे, विम्याचा दावा फेटाळणे किंवा अडलेल्या विक्रेत्यास हेरणे हेही त्याच ज्ञानाने साधू शकते.

बारामतीचा प्रयोग : नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाची शेती वाढली. माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यात आहेत आणि सांगवीसारख्या गावांचे अर्थकारण बऱ्याच अंशी उसाशी निगडित आहे. कारखान्याकडे लागणीची तारीख, जात व क्षेत्र यांची नोंद करणे आणि त्यानुसार तोडणीचा कार्यक्रम लागणे, ही येथील शेतकऱ्याच्या परिचयाची विदाव्यवस्था होय.

बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट या १९७१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने मायक्रोसॉफ्ट ही कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग करण्याचा प्रयोग हाती घेतला. तो २०२४ च्या आरंभी शेतकऱ्यांपुढे मांडण्यात आला. शेतातील संवेदकांनी मोजलेली मातीची ओल व पोषकद्रव्ये, हवामान केंद्राच्या नोंदी आणि उपग्रहाची छायाचित्रे एकत्र करून पाणी किती व केव्हा द्यावे, खत कोठे कमी पडते, रोग कोठे संभवतो यांसंबंधीचा सल्ला शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर दिला जातो. पाणी व खत यांत बचत आणि उत्पादनात वाढ झाल्याचे संयोजकांनी नोंदविले आहे. महाराष्ट्र शासनाने १७ जून २०२५ रोजी ‘महाॲग्री-एआय’ धोरण (२०२५–२९) मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. कृषिविदेच्या देवाणघेवाणीची यंत्रणा उभारणे हा त्याचा एक भाग आहे.

अशा प्रयोगात संवेदक शेतकऱ्याच्या रानात असतो, विदा दूरच्या संगणककेंद्रात साठविली जाते व तिच्यावरून घडविलेले प्रतिमान तिसऱ्याच पक्षाच्या मालकीचे असू शकते. उसाचा उतार किती पडेल याचा अंदाज शेतकऱ्याआधी इतरांना लागणे संभवते. अनेक शेतांच्या विदेवर प्रतिमान सुधारत जाते. त्या सुधारणेच्या मोबदल्यात शेतकऱ्याचा वाटा किती, हाही प्रश्न येथे उपस्थित होतो.

निनावीकरणाच्या मर्यादा : विदेतून नाव व क्रमांक काढून टाकले म्हणजे ती निरुपद्रवी होते, असा समज आहे. लताना स्वीनी यांनी २००० मध्ये दाखविल्याप्रमाणे जन्मतारीख, लिंग व टपाल क्रमांक एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येण्याजोगे होते. शेताच्या बाबतीत तर स्थान हीच ओळख असते. युरोपीय ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांची छायाचित्रे विनामूल्य मिळतात. त्यांतील सर्वांत सूक्ष्म चौकट १० मी. × १० मी., म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याएवढी असते. चौकटीचे स्थान गावनकाशावर बसविल्यास गट क्रमांक मिळतो आणि गट क्रमांकावरून सातबाऱ्यावरील नाव मिळते.

यावर तांत्रिक उपाय आहेत. आकडेवारी प्रसिद्ध करताना तीत मोजका यादृच्छिक फरक मिसळून एका व्यक्तीचा समावेश ओळखू न येईल असे करण्याची पद्धत सिंथिया ड्वोर्क व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडली. विदा मूळ ठिकाणीच ठेवून केवळ शिकलेले गुणांक एकत्र करण्याची पद्धतही प्रचारात आली आहे. मात्र ज्याला नेमक्या शेतासाठी नेमका सल्ला हवा, त्याची ओळख सल्ला देणाऱ्यापासून लपविता येत नाही. अशा वेळी संरक्षण कायदा व करार यांतूनच मिळू शकते.

कायदा : खाजगीपणा हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत असलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. आधार योजनेची वैधता २६ सप्टेंबर २०१८ रोजी बहुमताने मान्य करताना न्यायालयाने खाजगी कंपन्यांकडून होणाऱ्या तिच्या वापरावर मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये विधेयकाचा मसुदा सादर केला. अनेक फेरफारांनंतर अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने अठरा महिन्यांनंतर लागू करण्याची त्यांत तरतूद आहे.

या अधिनियमाने संमती, स्वतःची विदा पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क आणि २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड अशा तरतुदी केल्या आहेत. कृषिविदेच्या दृष्टीने त्यातील चार बाबी विचारात घेण्यासारख्या आहेत : (१) कायद्याने जी विदा जाहीर करणे बंधनकारक आहे, तिला हा अधिनियम लागू नाही; त्यामुळे सातबाऱ्यासारख्या खुल्या नोंदींना संरक्षण कितपत मिळेल, हा वादाचा विषय होतो. (२) अनुदान, लाभ वा दाखला देण्यासाठी शासनाला ठरावीक परिस्थितीत नव्याने संमती न घेता संस्करण करता येते. (३) मातीची ओल किंवा पिकाची वाढ यांसारखी विदा वैयक्तिक की अवैयक्तिक हे स्पष्ट नाही. अवैयक्तिक विदेसंबंधी क्रिस गोपालकृष्णन समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. परंतु त्यानुसार कायदा झालेला नाही. (४) दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. नुकसान सोसणाऱ्या व्यक्तीस या अधिनियमाखाली भरपाई मिळत नाही.

मतभेद : केंद्रीय कृषी मंत्रालयाने २०२१ मध्ये सहा राज्यांतील १०० गावांसाठी मायक्रोसॉफ्टशी करार केला, तेव्हा ५५ संघटनांनी पत्राद्वारे आक्षेप घेतला. विदासंरक्षणाचा कायदा होण्यापूर्वी शेतकऱ्यांची माहिती खाजगी कंपन्यांना उपलब्ध होणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. योजनेच्या समर्थकांच्या मते विश्वसनीय नोंदीवाचून मदत योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही, तसेच माहितीची देवाणघेवाण संमतीनेच व्हावी अशी योजनेची रचना आहे. यावर असा प्रतिवाद केला जातो, की ज्या क्रमांकावाचून अनुदान मिळत नाही त्यासाठी दिलेली संमती पूर्णतः ऐच्छिक मानता येत नाही.

दुसरा मतभेद वगळल्या जाणाऱ्यांविषयी आहे. शेतकऱ्यांची नोंदवही भूमिअभिलेखांवर आधारलेली आहे. कुळाचा हक्क लागेल या भीतीने जमीन तोंडी बोलीवर खंडाने किंवा वाट्याने दिली जाते. अशा कसणाऱ्याचे आणि शेतात राबणाऱ्या, पण उताऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीचे अस्तित्व या विदेत उमटत नाही. एकाविषयी अतिरिक्त माहिती असणे व दुसऱ्याविषयी मुळीच नसणे, हे दोन्ही दोष एकाच व्यवस्थेत नांदू शकतात.

इतर देशांतील व्यवस्था : अमेरिकेत शेतकरी संघटना व यंत्रसामग्रीच्या कंपन्या यांनी २०१४ मध्ये शेतीतील विदेसंबंधी स्वेच्छेने पाळावयाची तत्त्वे मान्य केली, शेतात निर्माण होणारी विदा शेतकऱ्याची, हे त्यांतील मुख्य तत्त्व होय. युरोपात २०१८ मध्ये अशीच करारविषयक आचारसंहिता तयार झाली, तर यंत्रांतून निर्माण होणारी विदा वापरणाऱ्यास मिळालीच पाहिजे असे बंधन घालणारा युरोपीय संघाचा विदा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. नेदरलँड्समध्ये शेतकऱ्यांच्या संमतीने विदेची देवाणघेवाण करणारी ‘जॉइनडेटा’ ही सहकारी संस्था आहे. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात विदेचे विश्वस्तपद अशा संस्थांकडे देता येईल काय, हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. मात्र त्यासाठी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही तेच नियम बंधनकारक असावे लागतील.

सारांश, शेतकऱ्याची बहुतेक माहिती गावाला पूर्वीपासून ठाऊक असते. ती लपविणे हा कृषिविदेच्या प्रश्नाचा गाभा नव्हे. आपल्या नावावर काय लिहिले गेले, ते कोणी वाचले व त्यावरून कोणता निर्णय झाला हे कळणे, तसेच चूक असल्यास ती दुरुस्त करून घेता येणे, हा तो गाभा होय. १८७९ च्या कायद्यातील पासबुकाने कर्जाच्या वहीबाबत जे साधावयाचे होते, तेच अंकीय नोंदवहीबाबत साधणे हे पुढील कायद्यांचे व संस्थांचे कार्य आहे.