एक दांडा, दोन लिव्हर

मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या लॅप स्टील गिटारवर सूर दाखवायला रेघा असतात, उंच पडदे नसतात. डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवर टेकवून सरकवायचा आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, एवढाच कारभार. १८८०च्या दशकात हवाईतल्या जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने ही पद्धत घडवली असे मानले जाते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकर कंपनीच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारने तिला विजेची जोड दिली. आपल्याकडे ही ‘हवाईयन गिटार’. मुंबईत व्हॅन शिपलींनी तिच्यावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी पोचल्या. दांडा सरकतो म्हणून मींड सहज निघते, हे तिचे वैभव सर्वांना ठाऊक आहे. तिची अडचणही त्याच दांड्यात आहे. तो सरळ असल्याने साऱ्या तारांचे सूर सारख्याच मापाने चढतात, आणि खुंट्यांवर ठरलेले तारांमधले नाते कुठेही गेले तरी बदलत नाही. साध्या गिटारवर चार बोटे चार जागी ठेवून हवा तो कॉर्ड धरता येतो. इथे ती सोय नाही. त्यामुळे कोणते कॉर्ड मिळणार आणि कोणत्यांना कायमचे मुकावे लागणार, हे ट्यूनिंग लावतानाच ठरते. तार ओढणारा लिव्हर, म्हणजे स्ट्रिंग बेंडर, याच संदर्भात पाहायला हवा. तो वाद्याला वरून चढवलेला दागिना नसून ट्यूनिंगमधली एक विचारपूर्वक केलेली दुरुस्ती आहे.

सुरुवातीच्या हवाईयन वादकांना ए मेजरसारखे एकाच कॉर्डचे ट्यूनिंग पुरत असे. स्विंग आणि जॅझ आले तसे ते अपुरे पडू लागले. मग सी-सिक्स्थ रुळले: खालून वर सा ग प ध सा ग. यात सा-ग-प हा मेजर आणि ध-सा-ग हा मायनर, असे दोन कॉर्ड एकाच जागी मिळतात, पण डॉमिनंट सेव्हन्थ मिळत नाही. कंट्री गायक हँक विल्यम्सच्या गाण्यांतून घुमणारी डॉन हेल्म्स यांची स्टील ई-थर्टीन्थमध्ये लावलेली असे. तिची गोडी वेगळी आणि तिच्यातली उणीवही वेगळी. यावर उपाय म्हणून वाद्यनिर्मात्यांनी नेकच वाढवले. फेंडरची ‘स्ट्रिंगमास्टर’ तर चार नेकपर्यंत मिळत असे, प्रत्येक नेकवर आठ तारा आणि प्रत्येकाचे ट्यूनिंग निराळे. ते वाद्य मांडीवर मावेना. त्याला पाय लावावे लागले. एका ट्यूनिंगने भागत नाही, याचा याहून ठळक पुरावा शोधायला नको.

आता सहा तारांचे ओपन ई घेऊ: सा प सा ग प सा. घोडीजवळ दोन लिव्हर बसवायचे. एक ग ओढून शुद्ध मध्यमावर नेतो, दुसरा वरचा प ओढून शुद्ध धैवतावर. दांडा जागचा न हलवता काय मिळते ते पाहा. काहीच न ओढता ई मेजर. फक्त प चढवला तर सा-ग-ध-सा, म्हणजे सी-शार्प मायनर. फक्त ग चढवला तर चौथ्या सुरावर अडून बसलेला, सुटायला उत्सुक असा सस्पेन्डेड कॉर्ड. आणि दोन्ही चढवले तर सा-म-ध-सा, म्हणजे ए मेजर. अट एवढीच की खालची प ची तार तेव्हा छेडायची नाही. सी-सिक्स्थला तर एकच लिव्हर पुरतो. वरचा सा कोमल रिषभावर चढवला की वरच्या चार तारांत प-ध-रे-ग जमतात. हाच तो हरवलेला डॉमिनंट सेव्हन्थ, इथे ए-सेव्हन्थ.

जाणकारांचा पहिला आक्षेप असा की, हे सारे दांडा तिरपा धरून साधता येते. स्टील गिटारवादक जेरी बर्ड पायाने तारा ओढणाऱ्या पेडलकडे वळले नाहीत आणि त्यांनी तिरप्या दांड्यावर जे वाजवले ते आजही कसोटीचे मानले जाते. मुद्दा खरा आहे, पण त्याला भूमितीची मर्यादा आहे. वरच्या ओपन ईच्या उदाहरणात तिसऱ्या रेघेवर दांडा असेल, तर सा धरून म आणि ध गाठायला तो पुढच्या दोन घरांवर तिरपा पसरावा लागतो. साडेबावीस इंच लांबीच्या तारेवर हे अंतर पाच सेंटिमीटरहून जास्त भरते, आणि त्या तीन तारांची रुंदी जेमतेम दोन. दांडा जवळजवळ तारांच्याच दिशेने लोळतो. कसरत जमली तरी सर्वांत वरचा सा हातचा जातोच, कारण तो जागेवर राहायला हवा आणि दांड्याची रेघ त्याला आणखी पुढे नेते. शिवाय बारा घरे वर सरकले की घरांची रुंदी निम्मी होते, त्यामुळे तिरपेपणाचा कोनही प्रत्येक जागी बदलतो. दोन तारांपुरता तिरपा दांडा सुंदरच आहे. दोन सूर स्थिर ठेवून त्यांच्यामधला सूर हलवायचा असेल तर मात्र तो अपुरा पडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: असेच हवे तर पेडल स्टील घ्या. कंट्री गायक वेब पियर्सच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार छेडल्यानंतर पेडल दाबले. कॉर्ड बदलतानाचा तो सरकता सूर ऐकून अमेरिकी कंट्री संगीतातल्या वादकांनी पेडलची वाट धरली. पुढे रूढ झालेल्या ई-नाइन्थ पेडल स्टीलचे दोन मुख्य बदलही प-ध आणि ग-म हेच आहेत. म्हणजे दोन लिव्हरची लॅप स्टील ही पेडल स्टीलची गरीब नक्कल ठरते का? तिच्यावर सात-आठ लिव्हर चढवले तर जरूर ठरेल. पण पेडल स्टीलला दहा तारा, पेडल, गुडघ्याचे लिव्हर आणि खाली दांड्या-सळ्यांचा संसार लागतो, आणि ती शिकणे म्हणजे दोन्ही पायांना नवे काम लावणे. दोनच ओढींवर थांबणाऱ्या लॅप स्टीलचा हलकेपणा आणि मांडीवरची जवळीक टिकते. क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स या वादकांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिकास्टर गिटारसाठी जो ‘बी-बेंडर’ बनवला, त्यातही एकच तार एक पूर्ण स्वर चढते. त्या एका ओढीवर वाजवण्याची अख्खी शैली उभी राहिली.

तिसरी तक्रार यंत्राची आहे, आणि ती फेटाळता येत नाही. ड्यूझेनबर्गच्या मल्टिबेंडरसारख्या घोडीत हव्या त्या तारेला लिव्हर जोडता येतो, पण तो दाबायचा तळहाताने; आणि नको त्या तारा मुक्या करायचे कामही तोच तळहात करत असतो. लिव्हर दाबलेला असताना हे काम बोटांना शिकवावे लागते. ओढ कुठे थांबावी हे स्क्रूने नेमके लावावे लागते, आणि सुटलेली तार मूळ सुरावर परतते ना, हेही पुन्हा पुन्हा तपासावे लागते. जितके लिव्हर, तितकी ही देखभाल. कमी लिव्हर ठेवण्यामागे म्हणूनच रुचीइतकेच व्यवहारी कारणही आहे.

बेंडर म्हणजे मींडेचे यंत्र, असा समज आपल्याकडे सहज होईल. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतली ब्रिजभूषण काब्रांची गिटार किंवा विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा ऐकली की तो दूर होतो. एका सुरावटीची मींड दांडा स्वतःच काढतो. तिथे लिव्हरला काम नाही. काही सूर थांबलेले असताना एकच सूर चालावा, ही गरज कॉर्डवर उभ्या संगीताची आहे. म्हणून लिव्हर विकत घेण्याआधी आपल्या ट्यूनिंगमध्ये नेमका कोणता कॉर्ड मिळत नाही आणि कोणती एक तार ओढली तर तो मिळेल, हे कागदावर मांडावे. याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर त्या वादकाला अजून लिव्हरची नव्हे, ट्यूनिंग समजून घेण्याची गरज आहे.