अर्ध्या कोयत्याचे मोल

दसरा झाला की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कुणी नगर-पुण्याकडे, कुणी सीमा ओलांडून बेळगावकडे. बीड जिल्ह्याच्या या स्थलांतरावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. उचल, मुकादम, कोपी, शाळा सुटलेली मुले हे सारे आपल्या परिचयाचे झाले आहे. या लेखाचा प्रश्न त्या मानाने कोरडा आहे. फडात हाताला कायमची इजा झाली, तर त्या माणसाच्या पुढच्या आयुष्याचे पैसे कोणी द्यायचे, किती द्यायचे, आणि ते मिळत का नाहीत?

उत्तराची सुरुवात एका शब्दापासून करावी लागते. 'कोयता' हे हत्याराचे नाव, तसेच ते माणसे मोजण्याचे एककही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते, तोड कोयत्यावर लिहिली जाते, आणि मुकादमाच्या वहीत नाव असते ते बहुधा नवऱ्याचे. तो ऊस तोडतो. ती साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. पाय घसरतो तो पुष्कळदा तिचाच. पण हिशेबाच्या वहीत ती स्वतंत्रपणे नसते. कामावरच्या अपघाताचा कायदा मात्र माणूस मोजतो, कोयता मोजत नाही. अडचण इथूनच सुरू होते.

हा कायदा १९२३ सालचा. आधी त्याचे नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होते, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा विषय तिच्या एका प्रकरणात गेला. सांगाडा मात्र जुनाच राहिला. कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची. चूक कोणाची हे सहसा पाहायचे नाही. रक्कम तीन गोष्टींवर ठरते: महिन्याची मजुरी, वय आणि कमाईची किती क्षमता गेली याची टक्केवारी. टक्केवारीचा तक्ता कायद्याला जोडलेलाच आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, एक डोळा गेला तर ४० टक्के.

उदाहरणादाखल एक हिशेब करू. समजा, पस्तीस वर्षांच्या बाईचा अंगठा गेला. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टन तोडले, तर तिच्या वाट्याला ३६६ रुपये येतात; सव्वीस दिवसांचे साधारण साडेनऊ हजार. कायद्यानुसार या मजुरीचे ६० टक्के घ्यायचे, पस्तिसाव्या वर्षासाठी ठरलेल्या १९७.०६ या गुणकाने गुणायचे आणि त्याचे ३० टक्के काढायचे. उत्तर येते सुमारे ३ लाख ३७ हजार रुपये. ही मदत नव्हे, ते तिचे येणे आहे. महिन्याभरात ते दिले नाही तर त्यावर १२ टक्के व्याज चढते, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर दंडही होऊ शकतो.

मग हे येणे वसूल का होत नाही? कारण कायद्याला पहिल्याच ओळीत मालकाचे नाव लागते. इथे कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला उचल देतो, आणि ऊस असतो शेतकऱ्याचा. अपघात झाला की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कायद्याने याचा विचार केलेला नाही असे नाही. आपल्या धंद्याचा नेहमीचा भाग असलेले काम कंत्राटाने करून घेणारा मूळ मालकही भरपाईला बांधील असतो, असे १९२३ पासूनच लिहिलेले आहे; त्याने ती रक्कम मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण त्याच कलमात एक अटही आहे. अपघात मालकाने काम चालवलेल्या किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेत झालेला असला पाहिजे. फड कोणाच्या ताब्यातला? सात-बारा शेतकऱ्याचा, पण तोडीची तारीख, टोळी, वाहन आणि वजनकाटा कारखान्याचा. सारा वाद या दोन वाक्यांमध्ये अडकलेला आहे.

दुसरा दरवाजा राज्य कर्मचारी विम्याचा. तिथे अपंगत्व आले तर मजुरीच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने, गेलेल्या क्षमतेच्या प्रमाणात, दरमहा पैसे तहहयात मिळतात. कामावरच्या इजेनंतर खऱ्या अर्थाने पेन्शन म्हणावे असे हेच. पण १९४८ च्या त्या कायद्याने 'हंगामी कारखाने' वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर नावानिशी आली. नव्या संहितेनेही हंगामी कारखाने बाहेरच ठेवले. तिसरा दरवाजा भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेचा. नोकरीत असताना कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी तिथे पेन्शन मिळते, किमान १,००० रुपये. पण त्यासाठी कारखान्याच्या पटावर नाव हवे. ते साखर गाळणाऱ्याचे असते, ऊस तोडणाऱ्याचे नसते.

हक्काचे दरवाजे असे बंद झाले की माणूस अनुदानाच्या रांगेत येतो. १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. अपंगत्व किमान ४० टक्के आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवे. इथे एक गफलत नेहमी होते. दवाखान्याच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराची असते, भरपाईच्या तक्त्यातली कमाईच्या क्षमतेची. एकट्या अंगठ्याने पहिली टक्केवारी चाळिसापर्यंत सहसा पोहोचत नाही. वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतही पूर्ण हात, पाय किंवा डोळा गेला तरच लाख-दोन लाख मिळतात. बोटांना तिथे किंमत नाही. घरात सात-बारा असेल तर राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, पण तिचीही मोजणी अवयवाचीच. म्हणजे ज्या अंगठ्याचे कायद्याने सव्वातीन लाखांवर येणे होते, त्याचे बाकी सगळीकडे शून्य होते. कोयता धरता येत नाही, मोळीची गाठ आवळता येत नाही, तरी ती बाई सरकारी अर्थाने दिव्यांग नसते.

म्हणून भरपाईचा दावा सोडून देणे सर्वांत महाग पडते. तो चिवटपणे लढवला तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या धाराशिवचे आहे. एप्रिल २००३ मध्ये साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. २००९ मध्ये तिथल्या नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने, हा अपघात कामावरचा नव्हे, म्हणून ते रद्द केले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल कायम केला: घर ते काम या प्रवासाचा वेळ, जागा आणि कारण कामाशी जोडलेले असेल, तर तो कामाचाच भाग. कुटुंबाला बावीस वर्षे लागली. पण त्या रखवालदाराचे नाव पटावर होते, मालक कोण हा प्रश्नच नव्हता. बीडच्या बाईला वाद त्याही आधीपासून घालावा लागतो.

त्या वादात कागद बोलतात. उचलीची नोटरी केलेली चिठ्ठी, वजनाच्या पावत्या, पहिल्या दवाखान्याचा केसपेपर. इजा कुठे आणि काय करताना झाली, हे त्या केसपेपरवर लिहून घेणे सर्वांत मोलाचे. २०२१ पासून ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रे द्यायची आहेत. ते बायकोच्या नावाने वेगळे घ्यावे. अपघात बेळगावात झाला तरी दावा स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते. 'मिटवून घेतले' असा स्टँप पेपर झाला असला, तरी भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही. उशीर मात्र नडतो. पट्टा पडून टोळी गावी परतेपर्यंत साक्षीदार पांगलेले असतात.

राज्याने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ काढले आणि टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घ्यायचे ठरवले. त्यातून वसतिगृहे व्हावीत, विमाही व्हावा. पण कल्याण आणि येणे यांतला फरक त्याने पुसला जात नाही. पहिली सुधारणा पैशांची नाही, वहीची आहे. एका कोयत्यापुढे दोन नावे आणि दोन मजुऱ्या लिहिल्या गेल्या, तर पुढचा गुणाकार शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही करता येतो.