कोबोलच्या पडद्यावर मोकळ्या खिडक्या

औषधांच्या एखाद्या घाऊक दुकानातील कारकून संगणकावर बिल करीत आहे, अशी कल्पना करा. निम्म्या नोंदी झाल्या असताना दूरध्वनी वाजतो. दुसऱ्या ग्राहकाला एका औषधाचा शिल्लक साठा हवा असतो. ही माहिती त्याच संगणकात आहे. परंतु ती पाहायची तर हातातील बिल पूर्ण करावे लागते किंवा सोडून द्यावे लागते. बिलाची खिडकी पडद्यावर ठाण मांडून बसलेली असते आणि ती बंद झाल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. अशा खिडकीला संगणकाच्या परिभाषेत ‘मोडल’ म्हणतात. जी उघडी ठेवून अन्य खिडकीत काम करता येते ती ‘मोडलेस’. मराठीत तिला मोकळी खिडकी म्हणावयास हरकत नाही.

नव्या भाषांत अशी मोकळी खिडकी उघडणे हे नित्याचे काम आहे. कोबोलमध्ये मात्र ते तितके सरळ नाही. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेच्या पायावर १९५९ साली अमेरिकेत आकारास आलेली ही भाषा व्यापारी हिशेबांसाठीच घडविली गेली. तिचे मृत्युलेख अनेकदा लिहून झाले. पण २००० सालच्या ‘वायटूके’ संकटाने तिच्यातील जुन्या आज्ञावल्या पुन्हा उघडावयास लावल्या आणि त्या दुरुस्तीचे मोठे काम भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांकडे आले. एप्रिल २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले होते.

प्रश्न कोणी विचारायचा?

अडचणीचे मूळ या भाषेच्या स्वभावात आहे. कोबोलची पडद्यावरील बोली दोन क्रियापदांवर उभी आहे. ‘डिस्प्ले’ म्हणजे दाखव आणि ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे स्वीकार. आज्ञावली प्रश्न मांडते, उत्तर येईपर्यंत तिष्ठत राहते, मग पुढचा प्रश्न विचारते. संवादाची सूत्रे तिच्या हाती असतात. १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० नंतर चित्रमय पडदे घरोघरी पोहोचले आणि ही भूमिका उलटली. माऊस हाती असलेला माणूस कोठेही टिचकी मारतो आणि आज्ञावलीने त्याच्या मागोमाग जावे, अशी अपेक्षा असते.

विंडोजमध्ये या दोन प्रकारच्या खिडक्यांसाठी दोन स्वतंत्र सोयी आहेत. ‘डायलॉगबॉक्स’ ही सोय मूळ खिडकी निष्क्रिय करते आणि नवी खिडकी बंद होईपर्यंत आज्ञावलीकडे परतत नाही. कोबोलच्या जुन्या सवयीशी हे उत्तम जुळते. ‘क्रिएटडायलॉग’ मात्र खिडकी उभी करून तत्क्षणी परतते. त्यानंतर येणारी प्रत्येक टिचकी योग्य खिडकीकडे पोहोचविण्याची जबाबदारी आज्ञावलीवर पडते. ‘ॲक्सेप्ट’वर थांबलेल्या कोबोलला ही टपाल वाटण्याची सवय कोठली?

म्हणूनच मधे एखादा दुभाषा लागतो. ॲक्युकोबोल-जीटी या प्रणालीने जुन्याच क्रियापदाला नवे कपडे चढविले. ‘डिस्प्ले फ्लोटिंग ग्राफिकल विंडो’ या वाक्यात ‘मोडलेस’ हा शब्द घातला की खिडकी मोकळी होते. (ही प्रणाली २००७ मध्ये मायक्रो फोकसकडे आणि २०२३ मध्ये त्या कंपनीसह ओपनटेक्स्टकडे गेली.) वापरणाऱ्याने दुसऱ्या खिडकीवर टिचकी मारली की चालू ‘ॲक्सेप्ट’ संपतो आणि आज्ञावलीला तसा संकेत मिळतो. आता कोणती खिडकी पुढे आणायची, कोणता ‘ॲक्सेप्ट’ पुन्हा सुरू करायचा, हे प्रोग्रामरने लिहून ठेवावे लागते. अन्यथा प्रत्येक खिडकीसाठी स्वतंत्र ‘थ्रेड’, म्हणजे कामाचा वेगळा धागा, चालविण्याचा मार्ग आहे.

शब्द एक, परिणाम अनेक

येथवरचे काम कष्टाचे असले तरी धोक्याचे नाही. खरा धोका दिसत नाही, कारण तो पडद्यामागे असतो. कोबोलची माहिती ‘वर्किंग-स्टोरेज’ या सामायिक कोठारात राहते. ग्राहकाचे नाव ठेवण्याची जागा एकच. एकाच आज्ञावलीच्या दोन मोकळ्या खिडक्यांत दोन ग्राहकांची बिले उघडली, तर दुसऱ्याचे नाव पहिल्याच्या जागी जाऊन बसू शकते. जुन्या प्रोग्रामरने ही चूक केली नव्हती. एका वेळी एकच बिल उघडे असेल, हे त्याने गृहीत धरले होते आणि त्या काळी ते योग्यच होते.

नोंदींच्या कुलपाचेही तसेच. खिडकी उघडी टाकून कारकून चहाला गेला आणि नोंद कुलूपबंद राहिली, तर शेजारच्या टेबलावरील काम अडते. कुलूप लावलेच नाही, तर हिशेब बिघडतो. समजा, दोन खिडक्यांनी साठा १०० असा वाचला. एकीने ३० नग विकून ७० लिहिले, दुसरीने २० विकून ८०. साठा ५० उरला असताना संगणक ८० सांगतो आणि नसलेले ३० नग कोणाला तरी कबूल केले जातात. ते टाळण्यासाठी लिहिण्यापूर्वी नोंद कुलूप लावून पुन्हा वाचणे आणि मधल्या काळात ती बदलली आहे काय हे पडताळणे आवश्यक ठरते.

त्यामुळे जुनी आज्ञावली हाती घेणाऱ्याने सर्वच खिडक्या एकदम मोकळ्या करण्याचा मोह आवरलेला बरा. केवळ माहिती दाखविणारी, काहीही न लिहिणारी साठ्याची खिडकी वेगळ्या उपआज्ञावलीत, स्वतःच्या कोठारासह मोकळी करता येते. बिलाची खिडकी तूर्त एकच राहू द्यावी. दूरध्वनीवरील ग्राहकाला उत्तर देण्यास कारकुनाला तेवढे पुरते.