वकील व्हायचंय? आधी सातबारा वाचा!

दोस्तांनो, साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात, तिथे माहुली गाव आहे. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे इथले. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा खुद्द राघोबादादांना दोषी ठरवण्याची छाती त्यांनीच दाखवली. पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा आंबेडकर नावाचा मुलगा दाखल झाला. तो बॅरिस्टर कसा झाला, हे तुम्हाला सांगायला नकोच!

तुमची ताई किंवा दादा साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजात, नाहीतर सांगलीत कायदा शिकत असेल. (बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन, दोन्हीसाठी सीईटी द्यावी लागते.) त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न असा, की सनद मिळाल्यावर मुंबई गाठायची की गावातच राहायचं? पूर्वी हायकोर्ट म्हणजे मुंबई. जतच्या शेतकऱ्याला एका तारखेसाठी रात्रभराचा प्रवास पडायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांचे खटले आता तिथे चालतात. सांगलीहून कोल्हापूर जेमतेम पन्नास किलोमीटर!

म्हणून लगेच कोल्हापूरची गाडी पकडायची का? माझं मत विचाराल, तर नाही. आधी तीन-चार वर्षं तालुक्याच्या कोर्टात काढावीत. इथले निम्मे तंटे जमिनीचे, पाण्याचे, वाटणीचे. साक्षीदार म्हणतो, "शेजाऱ्यानं बांध कोरला हो!" खालच्या कोर्टात हे मराठीत चालतं. तेच प्रकरण हायकोर्टात गेलं, की इंग्रजीत मांडावं लागतं. जो कधी बांधावर उभाच राहिला नाही, तो हे काय मांडणार? तेव्हा मराठी आणि इंग्रजी, दोन्ही पक्क्या हव्यात. जोडीला मोडी लिपी शिकली तर फारच छान. इनाम-वतनाचे जुने कागद मोडीत असतात आणि ते वाचणारे वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पालकहो, एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. सिनियरच्या ऑफिसात सुरुवातीची वर्षं हातात बेताचेच पैसे पडतात. "शेजारचा इंजिनीअर बघ" असं रोज ऐकवलंत, तर पोरगं वर्षभरात कोट खुंटीला टांगेल. न्यायाधीश व्हायचं असलं तरी हा काळ वाया जात नाही. उलट मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांची वकिली हवी.

आता तुमच्यासाठी सुट्टीतला उद्योग. आजोबांकडून घरच्या जमिनीचा सातबारा मागून घ्या. त्यात गावनमुना सात म्हणजे जमीन कुणाची आणि किती, तर गावनमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकलं. नावं मोठ्यानं वाचा. हिंदू वारसा कायद्यात १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. काकांची नावं सापडतील. आत्याचं आहे का, बघा बरं. नसेल तर का नाही, हे आजोबांनाच विचारा!