फरदडीची कपाशी आणि ‘एवढी वर्षं घातली’

‘एवढी वर्षं घातली, आता सोडून कसं चालेल?’ पारोळ्यात हे वाक्य अभ्यासिकेत ऐकू येतं, बसस्टँडवर ऐकू येतं आणि लग्नाच्या पंगतीत तर हटकून. बोलणारा कधी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा असतो, कधी डी.एड. होऊन विनाअनुदानित शाळेत ‘कधीतरी अनुदान येईल’ म्हणून थांबलेला, तर कधी सुरतेला किंवा पुण्याला दहा वर्षं एकाच मशीनवर उभा राहिलेला. वाक्य मात्र तेच. आणि ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हटलं जातं की ऐकणारेही मान डोलावतात. मान डोलवावी असं त्यात काहीच नाही.

गेलेली वर्षं गेली. धरून बसलात तरी ती परत येत नाहीत, सोडलंत तरी येत नाहीत. दोन्हीकडे जी गोष्ट सारखीच आहे, तिच्यावरून दोहोंपैकी एकाची निवड कशी करणार? हिशेब करायचा तो पुढच्या दोन-तीन वर्षांचा: ती इथे घातली तर काय मिळेल आणि दुसरीकडे घातली तर काय. मागे घातलेलं जे परत येत नाही, त्याला अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणतात. हे पटत नसेल तर एक जुना प्रयोग ऐका. आर्केस आणि ब्लूमर या संशोधकांनी 1985 मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट काढायला आलेल्या काही प्रेक्षकांना, कुठलीही निवड न करता, सवलत दिली गेली. बाकीच्यांनी पूर्ण पैसे भरले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले. नाटक त्यांना अधिक आवडत होतं म्हणून नव्हे, पैसे भरले होते म्हणून.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे ओहायोहून शिकायला नको. कपाशीची वेचणी उरकली की पुन्हा पाणी द्यायचं, थोडं खत टाकायचं आणि त्याच झाडांवर आणखी बोंडं धरायची, याला फरदड म्हणतात. मोह साहजिक आहे, झाडं तर उभीच असतात. पण कृषी विभाग दरवर्षी घसा कोरडा करून सांगतो की फरदड घेऊ नका, हंगाम संपला की कपाशी उपटा. कारण उभ्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं आणि तिची साखळी तुटत नाही. 2017 च्या हंगामात या अळीनं महाराष्ट्रात जो धुमाकूळ घातला, तो खान्देश विसरलेला नाही. शिवाय पाण्याची सोय असेल, तर ज्या रानात उन्हाळी बाजरी किंवा भुईमूग आला असता, ते रान फरदडीनं अडवून ठेवलेलं असतं. हे सगळं ज्याला तोंडपाठ आहे, तोच माणूस मुलाला सांगतो, ‘सहा वर्षं अभ्यास केलास, अजून दोन कर.’

आता आकडे, कारण इथे लोकांना शंका असते. संघ लोकसेवा आयोगाच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेला 10,16,850 अर्ज आले. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले 5,92,141. मुख्य परीक्षेला पात्र ठरले 14,624, मुलाखतीपर्यंत पोहोचले 2,855 आणि शेवटी शिफारस झाली 1,016 जणांची. म्हणजे बसलेल्या सुमारे 583 जणांमागे एक. यातून ‘परीक्षा देऊ नका’ असा अर्थ मी काढत नाही. अर्थ एवढाच, की न निवडलं जाणं हा इथला नियम आहे, अपवाद नव्हे. त्यामुळे थांबायचं कधी, हे ठरवूनच यात उतरायला हवं. राज्यसेवेला खुल्या वर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 ही वयोमर्यादा आहे. ती सरकारनं दिलेली परवानगी आहे, सल्ला नाही. पण आपल्याकडे 38 म्हणजे ‘अजून आठ वर्षं आहेत’ असं गणित मांडलं जातं आणि ते मांडणाऱ्याला कुणी हटकतही नाही.

मग सोडायची वेळ आली हे ओळखायचं कसं? एक प्रश्न कामाचा आहे: मागचं काहीच घडलेलं नसतं आणि आज पहिल्यांदा हा रस्ता समोर आला असता, तर मी तो धरला असता का? उत्तर ‘नाही’ येत असेल, तर तुम्हाला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे फक्त मागची वर्षं. दुसरं, परीक्षेवाल्यांनी आपले मागच्या तीन वेळचे गुण एका कागदावर लिहावेत. ते चढत असतील तर गोष्ट वेगळी. कटऑफपासून त्याच अंतरावर घुटमळत असतील, तर चौथ्या वर्षी ‘जास्त मेहनत’ या शब्दाखेरीज काय वेगळं होणार आहे ते स्वतःला विचारावं. नोकरीवाल्यांनी आपल्याच खात्यातल्या पंधरा वर्षं पुढच्या माणसाकडे नीट बघावं. त्याची खुर्ची मिळाली तर आनंद होईल का? आणि थांबायची मुदत निकालाच्या संध्याकाळी ठरवू नये. तेव्हा माणूस एक तर रडत असतो किंवा दोन गुणांनी हुकल्याच्या हुरूपात असतो. जाहिरात यायच्या आधीच तारीख ठरवावी आणि घरच्यांना सांगून ठेवावी.

‘एवढी वर्षं घातली’ या वाक्याचं धाकटं भावंड म्हणजे ‘शिकलेलं सगळं वाया जाईल’. साने गुरुजी 1924 पासून सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, म्हणजे आपल्या शेजारच्या गावी. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवत. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली. बोलण्याच्या वेगानं ती जशीच्या तशी उतरवून घेतली ती गुरुजींनी. ‘गीता प्रवचने’ आज पुस्तकरूपात वाचायला मिळतात, ती रोज मुलांसाठी लिहून वळलेल्या हातामुळे. आजचं उदाहरण हवं असेल, तर 2018 पासून खुद्द संघ लोकसेवा आयोग मुलाखतीपर्यंत पोहोचून निवड न झालेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीनं, इतर नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देतो. सगळ्यांना हा फायदा मिळत नाही, मुलाखतीपर्यंत जावं लागतं हे खरं. पण ‘सगळं वाया’ म्हणणं चूक.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज मला पहिल्याइतकाच त्रास देतो: ‘सगळं सोडून झोकून दिलं तरच माणूस मोठा होतो.’ इथे हमखास भवरलाल जैन यांचं नाव घेतात. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलालजी सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आलेली असताना ती नाकारून 1963 मध्ये घरच्या 7,000 रुपयांवर रॉकेल विकायला लागले, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कुणी सांगत नाही. त्यानंतर त्यांनी शेतीला लागणाऱ्या मालाचा व्यापार केला. 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा एक जुना, डबघाईला आलेला कारखाना घेतला आणि त्यात केळीची भुकटी न करता पपईच्या चिकापासून पपेन काढलं. मग पाइप, मग ठिबक. पपेनच्या वेळी त्यांनी चाळिशी गाठली होती. ही एका उडीची गोष्ट नाही, एकातून दुसऱ्यात सरकत जाण्याची आहे. विप्रोचंही तसंच. 1945 मध्ये अमळनेरात वनस्पती तुपासाठी स्थापन झालेली ही कंपनी पुढे संगणकात गेली, पण तेल-साबणाचा धंदा बंद करून नव्हे. अमेरिकेत रफी आणि फेंग यांचा 2014 चा अभ्यास आहे. नोकरी सांभाळून धंदा सुरू केलेल्या आणि मग नोकरी सोडलेल्या लोकांचा धंदा बंद पडण्याचा धोका, थेट राजीनामा देऊन उतरलेल्यांपेक्षा 33 टक्के कमी निघाला. राजीनामा खिशात ठेवून फिरण्यापेक्षा रविवार वापरा.

बाकीचे गैरसमज भराभर. ‘कामाचा कंटाळा आला म्हणजे क्षेत्र चुकलं’: नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणं दिली आहेत: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. हे चुकीच्या साहेबामुळेही होतं. मोठी रजा घेऊन किंवा विभाग बदलून बघा, तेवढ्यानं बरं वाटलं तर धंदा बदलायची गरज नाही. ‘तिशीनंतर नवं काही जमत नाही’: अमेरिकेतल्या सर्वांत वेगानं वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय 45 निघालं आहे. ‘राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडते’: कायम नोकरीत पाच वर्षं सलग भरली असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळते. ‘नोकरी बदलली की पीएफ अडकतो’: पीएफचा यूएएन क्रमांक एकच राहतो, रक्कम नव्या खात्यात वळते, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं वेगवेगळ्या नोकऱ्यांची मिळून धरली जातात. पैसे काढून टाकले नाहीत तर, एवढीच अट.

राहिलं ते ‘सरकारी नोकरीचा नाद सोडला तर स्थळं येणार नाहीत’. याला मी गैरसमजांच्या यादीत टाकू शकत नाही, कारण आपल्या भागात ते बऱ्याच अंशी खरं आहे. मुलगा काय करतो याआधी नोकरी सरकारी का, हे विचारलं जातं. फक्त हे सांगणाऱ्या काकांना मी उलट एक विचारतो: चौतिशीतल्या मुलाच्या बायोडाटावर ‘तयारी चालू आहे’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा किती येतात?