सिरोंच्याचा काठ कोणत्या खात्याचा?

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याला मी जातो तो नदीसाठी. आलापल्लीच्या पुढचा रस्ता ज्याच्या कमरेने अनुभवला आहे, त्याला ही हौस किती महाग पडते ते वेगळे सांगायला नको. पण गाव संपून प्राणहितेचे पात्र समोर उघडले की तक्रार विसरायला होते. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, तिथून ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याच्या खाली, पलीकडच्या काळेश्वरमसमोर, गोदावरीत शिरते. आणखी खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. तालुका एक, नद्या तीन आणि पलीकडच्या काठांवर दोन परकी राज्ये. तहसीलचा कागद मराठीत, घाटावरची भांडणे तेलुगूत.

या काठावर सरकारने एकेकाळी फार मोठे स्वप्न पाहिले होते, आणि माझा जीव त्यातच अडकलेला आहे. गोदावरीवर दौलेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या सर आर्थर कॉटनच्या डोक्यात होते की, समुद्राकडून निघालेली मालाची नाव गोदावरी-प्राणहितेने थेट वऱ्हाड-चांद्याच्या कापसापर्यंत यावी. वाटेत खडकाळ धावत्या पाण्याचे तीन अडथळे होते: दुम्मागुडेम, सिरोंच्याच्या खाली इंचमपल्ली आणि वर प्राणहितेत देवलमरी. ते ओलांडायला कालवे आणि नौकाद्वारे बांधायची, म्हणून वर्षानुवर्षे दगड फोडले गेले. अप्पर गोदावरी नावाचा जिल्हाच 1860 मध्ये निघाला आणि त्याचे ठाणे झाले सिरोंचा. इथला डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याने 1862 मध्ये बस्तरवर लिहिलेला अहवाल अभ्यासक अजून उघडतात. मग रेल्वे आली, खर्च डोईजड झाला, 1871 मध्ये काम थांबले आणि 1874 मध्ये जिल्हाही मोडून चांद्यात विरला. नदीकाठचे इंग्रजी अमदानीतले विश्रामगृह तेवढे उरले आहे. लोक तिथल्या भुतांच्या गोष्टी सांगतात. मला तिथे कॉटनची नाव दिसते.

समुद्राची बोट इथवर आली नाही, पण समुद्राशी नाते असलेला एक जीव येत होता. गोदावरीच्या मोठ्या झिंग्याची पिल्ले खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर चढतात. सिरोंच्याच्या झिंग्याची चव ज्याने घेतली आहे तो ती विसरत नाही. प्रत्येक नवा बंधारा म्हणजे या चढणीवर आणखी एक भिंत. झिंग्याला कोणी जमीन संपादनाची नोटीस देत नाही, एवढाच माणसाहून फरक.

मग हा काठ सांभाळायचा कोणी? आधी किनाऱ्याच्या कायद्याचे थोडक्यात उरकतो. समुद्रासाठी 1991 पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे, 2011 आणि 2019 मध्ये ती नव्याने आली. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडला सहलीचे 14 विद्यार्थी बुडाले आणि कोकणातल्या जीवरक्षकांची चर्चा राज्यभर झाली. नदीसाठी महाराष्ट्राने 2000 मध्ये नदी नियमन क्षेत्र धोरण आणले होते, तेही कारखाने काठापासून किती दूर असावेत यापुरते. 2015 मध्ये ते रद्द झाले. उरल्या पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. घर कुठे बांधू नये ते या रेषा सांगतात; पाण्यात कुठे उतरू नये ते सांगत नाहीत.

आणि खरा प्रश्न तोच आहे. इथल्या पात्रात रेतीचे पट्टे सतत जागा बदलतात. पट्ट्याची कड पाण्याखाली एकदम तुटते: गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो. रेतीघाटाचे खड्डे पुराने वरवर सपाट दिसतात, आत भुसभुशीत राहतात. एका नावाड्याला मी पाणी किती म्हणून विचारले, तर तो तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला, "काल तिथं रेती होती सर, आज नाही. आज जाऊ नका." याहून नेमका सूचनाफलक मी सरकारी खर्चाने लावलेला पाहिलेला नाही.

त्यात गोदावरीवरचा मेडिगड्डाचा बंधारा. 23 ऑगस्ट 2016 रोजी दोन राज्यांचा करार झाला, 21 जून 2019 रोजी उद्घाटन. एक टोक तेलंगणात, दुसरे आपल्या पोचमपल्लीला, मध्ये 85 दरवाजे. जुलै 2022 च्या महापुरात सिरोंचा तालुक्यातली गावे हलवावी लागली. 21 ऑक्टोबर 2023 रोजी बंधाऱ्याचे खांब खचले आणि सगळी चर्चा पैसा, चौकशी, राजकारण यांच्याकडे वळली. पाण्याच्या धारेने बंधाऱ्याखाली खोल डोह पडतात, हे मात्र आंघोळीला येणाऱ्याला कोण सांगणार? जून 2025 मध्ये तेलंगणाच्या बाजूला बंधाऱ्याजवळ सहा तरुण एकाच वेळी बुडाले.

गर्दीची काळजी सरकार घेते, पण पंचांग पाहून. गुरू मीन राशीत आला की प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे बारा वर्षांतून एकदा येणारा बारा दिवसांचा स्नानसोहळा; मागचा 13 ते 24 एप्रिल 2022 ला झाला. तेव्हा सिरोंचा आणि नगरम घाटांवर भाविक लोटले. उन्हाळ्यातली नदी असल्याने पाणी आटोक्यात होते. गोदावरीचा पुष्कर गुरू सिंह राशीत आल्यावर, म्हणजे पावसाळ्यात. 2015 ला तो 14 जुलैला सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी राजमहेंद्रीला चेंगराचेंगरीत पंचवीसहून अधिक माणसे गेली. पुढचा 2027 मध्ये आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूरहून निघाली तरी तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. बुडणारा माणूस काही मिनिटे थांबतो.

माझे मत सरळ आहे. बारा वर्षांतून बारा दिवस बंदोबस्त करून हा काठ सुरक्षित होत नाही. इथले मासेमार आणि नावाडी यांना पगारी जीवरक्षक नेमा, वर्षभरासाठी. दर पुरानंतर पात्र मोजून आंघोळीची जागा दोर आणि तरंगत्या डब्यांनी आखून द्या. बंधाऱ्यातून पाणी सुटायच्या आधी भोंगा दोन्ही काठांवर वाजवा, आणि सूचना मराठी, तेलुगू, गोंडी तिन्ही भाषांत द्या. यातले काहीही मेडिगड्डाच्या एका दरवाजाइतके महाग नाही.

आणि वाचकहो, पुष्कराला किंवा असेच नदी पाहायला येणार असाल, तर नावाड्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका, आणि बंधाऱ्याच्या अंगाला तर मुळीच उतरू नका.